आधी कंडक्टरला सांग

तू ऑगस्टमध्ये श्रीलंकेला जाणार हे तुझ्या बापाकडून कळलं. "लंका आत्याला विचार, तिला सगळं पाठ आहे," असं म्हणाला म्हणे. पाठ कसलं डोंबल! कपड्याच्या धंद्यात माल तपासायची माझी नोकरी. कारखाने कोलंबोच्या आसपास आणि पार आडगावांत पसरलेले, अन् कंपनीची गाडी फक्त साहेबलोकांना. म्हणून सात वर्षं बसनं, रेल्वेनं आणि रिक्षानं हिंडले. घरात 'लंका आत्या' हे नाव पडलं ते तेव्हापासून. रावण भेटला का, हे विचारून तुझ्या बापाचं पोट अजून भरलेलं नाही.

मोबाइलमधला नकाशा असू दे. पण माझं पहिलं सांगणं हे, की बसमध्ये पाय ठेवलास की आधी कंडक्टरला गावाचं नाव सांग. तिकीट नंतर, सीट नंतर. गावाचं नाव मोठ्यानं, दोनदा. एकदा त्याच्या कानावर घातलंस की तू त्याची जबाबदारी झालीस. तिकडं वाहतूक वेळापत्रकावर जेवढी चालते त्याहून जास्त कंडक्टरच्या डोक्यात चालते. कोण कुठं उतरणार, कुणाला किती रुपये परत द्यायचेत, कुठल्या म्हातारीचं पोतं मागच्या सीटखाली आहे, सगळं त्याच्या ध्यानात असतं. नोटा उभी घडी घालून बोटांच्या फटीत धरलेल्या, आणि खचाखच गर्दीतून तो असा सरकतो की बघत राहावं.

पहिल्या महिन्यात मी शहाणपणा केला होता. कँडी रस्त्यावर नित्तंबुवा म्हणून गाव आहे, तिथल्या कारखान्यात जायचं होतं. कोलंबो-कँडी ही एक नंबरची बस. वाटेतली गावं कागदावर लिहून घेतली होती. कुणाला विचारायचं नाही, आपलं आपण बघायचं, हा इचलकरंजीचा ताठा. पाट्या सिंहली लिपीत, गोल गोल, जिलबीसारख्या. इंग्रजी नाव खाली बारीक. ते वाचेपर्यंत पाटी मागं गेलेली. नित्तंबुवा कधी आलं आणि कधी गेलं, पत्ता नाही. उतरले ती वरकापोलला, पंधरा-सोळा किलोमीटर पुढं. कंडक्टर खाली उतरून माझ्याकडं असा बघत राहिला, की बाई, तुला तोंड नव्हतं का?

वरकापोलला रस्त्याकडेला मिठाईची दुकानं आहेत. तिथं तळहातावर गोल काहीतरी ठेवून दुकानदारीण म्हणाली, "तलगुली." खाल्लं, तर तिळाचा लाडू! तल म्हणजे तीळ, गुली म्हणजे गोळी. भर पावसाळ्यात संक्रांत झाली माझी. कारखान्यात दीड तास उशिरा पोचले, बोलणी खाल्ली, पण पर्समध्ये तलगुलीची पुडी होती.

आता भाषेचं. घाबरू नकोस. सिंहली ही आपल्याच कुळातली बाई आहे, लांब सासरी गेलेली. एक, देक, तुन, हतर, पह. वीसला विस्स, तीसला तिह, पन्नासला पनह. फक्त एक ध्यानात ठेव, हतर म्हणजे चार आणि हत म्हणजे सात. रिक्षावाल्याशी बोलताना या दोहोंत गल्लत झाली की भांडण अटळ. किती झाले, हे विचारायला 'कीयद?' इथं उतरायचंय, याला 'मेतन बहिनवा'. उजवीकडं 'दकुणट', डावीकडं 'वमट', म्हणजे आपलं दक्षिण आणि वामच. नको असेल तर 'एपा'. हा शब्द गोड हसून म्हणायचा, पण पाय थांबवायचा नाही.

आणि हाक मारायची ती नात्यानं. तरुण कंडक्टर असेल तर मल्ली, म्हणजे धाकटा भाऊ. मोठा असेल तर अय्या. शेजारची बाई अक्का, लहान पोरगी नंगी. अक्का तर आपल्याकडचीच. उत्तरेत जाफन्याकडं गेलीस तर तिथं तमिळ चालते, तिथं सिंहली शब्द फेकायला जाऊ नकोस. युद्धाच्या जखमा आहेत, आपण पाहुणे. तिथं अण्णा, तंबी. पण अक्का तिथंही अक्काच. एका शब्दावर अख्खं बेट फिरून येता येतं.

गावांची नावं मात्र चकवतात. कँडीला तिथलं कुणी कँडी म्हणत नाही. पाटीवर महनुवर, आणि बोलताना नुसतं नुवर. नुवर म्हणजे नगर. बसच्या दारात लोंबकळून पोरगा "नुवर, नुवर, नुवर" ओरडत असतो आणि आपण शेजारी उभे राहून कँडीच्या बसची वाट बघतो. माझं झालंय. नुवर एलिय हे दुसरंच गाव, डोंगरात, थंड हवेचं. तिथं रेल्वे जात नाही. त्याचं स्टेशन नानु ओय, सात-आठ किलोमीटर खाली. गॉलला गाल्ल, जाफन्याला सिंहलीत यापनय. त्रिंकोमालीला त्रिकुणामलय, ते तुला ऐकूनच कळेल. म्हणून गावाबरोबर बसचा नंबर विचारून ठेव. कँडी एक, गॉल-मातरा दोन, विमानतळाची 187. लिपी नाही वाचता आली तरी आकडे वाचता येतात.

कोलंबोत फोर्ट स्टेशन आहे ते फोर्टात नाही, पेट्टात आहे. पेट्टा म्हणजे आपली पेठ, तशीच गच्च. सिंहलीत फोर्टला कोटुव म्हणतात, म्हणजे कोट, आणि पेट्टाला पिटकोटुव, कोटाबाहेरचं. बसस्टँडही तिथं एक नाही, तीन आहेत, एकमेकांपासून चालत जाण्याइतके, आणि चालताना चुकण्याइतके. सरकारी बसचा वेगळा, खासगीचे वेगळे. सामान घेऊन चौकशीला फिरू नकोस. बरोबरच्या मैत्रिणीला सामानाशी उभी कर, तू एकटी जाऊन विचारून ये. आणि दोघांना विचार. पहिला सांगतो ते त्याच्या सोयीचं असू शकतं.

सरकारी बस लाल. जुनी, धडधडणारी, पण तिकीट देणार आणि वाटेत उगाच रेंगाळणार नाही. खासगी बसची तऱ्हा वेगळी. सुरुवातीला गोगलगाईसारखी, गल्लीगल्लीत थांबून माणसं भरणार. मागची बस आरशात दिसली की मग जी सुटते! अशा बसमध्ये अगदी पुढं बसू नकोस, समोरचा रस्ता बघवत नाही. एसीची छोटी बस घेतलीस तर मधल्या वाटेत घडीच्या सीटा उघडतात. म्हणजे तू मागं खिडकीला, आणि दारापर्यंत सात जणांना उठवल्याशिवाय बाहेर पडायला वाट नाही. मध्येच उतरायचं असेल तर तसली बस घेऊच नकोस. मोठी बॅग असेल तर तिच्याही सीटचे पैसे मागतात. तो लुबाडत नाहीये, तिथली रीतच आहे. चाकाच्या बॅगा घरी ठेव, पाठीवरची एकच घे.

पुढच्या दोन सीटा भिक्षूंसाठी राखीव असतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रिकामी सीट दिसली, बसले, चपला काढून पाय वर घेतले. दोन थांब्यांनंतर एक तरुण भिक्षू चढले. अख्खी बस गप्प. मी आपली खिडकीबाहेर बघतेय. भिक्षू काही बोलले नाहीत, नुसते दांडा धरून उभे. बाई शेजारी असेल तर ते बसत नाहीत, हे मागाहून कळलं. शेवटी मागच्या अक्कांनी माझ्या दंडाला बोट लावलं. उठले. चपला शोधायला वाकले तर एक चप्पल ड्रायव्हरच्या पायाशी गेलेली. बस चालू, आणि ती चप्पल हातोहात मागं आली, प्रसादासारखी.

कोलंबोहून गॉलकडं रस्त्यानं गेलीस तर कळुतरला एक गंमत बघ. पुलाजवळ मोठा बोधिवृक्ष आहे. तिथं बस थांबते. कंडक्टर उडी मारून उतरतो, पेटीत नाणं टाकतो, हात जोडतो आणि धावत परत. बसमधली माणसं जागेवरूनच हात जोडतात. शेजारीण नाणं पुढं देत असेल तर तूही दे. आपण नाही का नदीच्या पुलावरून नाणं टाकत?

गर्दीच्या बसमध्ये काही पुरुषांचे हात वाह्यात असतात. हे तिथलंच आहे असं नाही, आपल्याकडंही आहे, पण परक्या मुलखात आपण गप्प बसतो. गप्प बसायचं नाही. बाईशेजारी बस, बॅग पुढं घे, ओढणीला सेफ्टी पिन ठेव. आणि तसं काही झालंच तर मराठीत ओरड. भाषा कळली नाही तरी सूर कळतो. मी एकदा अस्सल इचलकरंजीचा आवाज काढला होता, पुढच्या थांब्यावर तो आपणहून उतरला.

रेल्वे मला बसपेक्षा आवडते. रुळांची रुंदी आपल्यासारखीच, ब्रॉडगेज, आणि बरेच डबेही आपल्या चेन्नईत बनलेले. कोलंबोहून कँडीपर्यंत रेल्वे 1867 मध्ये पोचली आणि पार बदुल्ल्याला 1924 मध्ये. चहासाठी घातलेली लाइन ती. आता तिच्यावर चहापेक्षा फोटो जास्त पिकतात. कँडी ते एल्ला या टप्प्याचं आरक्षण 30 दिवस आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. नाही मिळालं तर रडू नकोस. त्याच दिवशी खिडकीवर सेकंड किंवा थर्डचं विनाआरक्षित तिकीट मिळतं. सहा-सात तासांचा प्रवास, सुरुवातीला उभं राहावं लागेल. हॅटन, नानु ओय आलं की माणसं उतरतात, जागा होते. मात्र कोलंबोहून बदुल्ल्याला जाणारी प्रत्येक गाडी कँडी स्टेशनात शिरत नाही. काही पेरादेणिया जंक्शनवरूनच वळतात. तिकीट काढताना हे विचार, नाहीतर तू कँडीच्या फलाटावर आणि गाडी पलीकडून गेलेली. पावसात दरड आली की वरची लाइन बंद पडते, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी स्टेशनात जाऊन खात्री कर.

दारात लोंबकळून फोटो काढायचा नाही. हसू नकोस. बोगदे अरुंद आहेत, कड्याचा दगड हाताच्या अंतरावरून जातो. पट्टिपोल हे सगळ्यात उंच स्टेशन, सुमारे 1,900 मीटर. खाली घामानं निथळणारी माणसं तिथं कुडकुडतात, तेव्हा स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नकोस.

गाडीत पाटीवाले चढतात. "वडे, वडे, इस्सो वडे!" इस्सो म्हणजे कोळंबी. चपटा डाळवडा, त्यावर अख्खी कोळंबी चिकटवलेली, मिशांसकट. ते बांधून देतात शाळेच्या वहीच्या कागदात. एकदा माझ्या वड्याला कुणा पोराचं गणित आलं होतं, खाली लाल शाईत भली मोठी फुली. तेल लागून कागद पारदर्शक झालेला, त्यातून मागच्या पानावरचा भागाकारही दिसत होता. तोही चुकलेला. खाऊन झाल्यावर मी तो कागद घडी घालून ठेवला, अजून कुठंतरी असेल.

गॉलला रेल्वेनं जाताना समुद्र उजव्या हाताला येतो, आणि दुपारनंतर ऊनही त्याच बाजूला. दोन्ही एकाच खिडकीतून. म्हणून सकाळची गाडी धर, समुद्र मिळेल आणि भाजणार नाहीस. अंबलंगोड सोडून पुढं, हिक्कडुवच्या अलीकडं पेरेलिय लागतं. 26 डिसेंबर 2004 ला तिथं त्सुनामीनं अख्खी रेल्वेगाडी उधळली. दीड हजाराहून जास्त माणसं गेली. पहिली लाट आली तेव्हा आसपासची माणसं डब्यात चढली होती, उंच आहे म्हणून. मी त्या लाइननं पुढं कितीदा गेले, तिथं आलं की डब्यातले वडेवालेसुद्धा ओरडायचे थांबत.

रिक्षाचं थोडक्यात. तिला तिकडं थ्रीव्हील म्हणतात आणि पुष्कळ जण नुसतं 'बजाज'. पुण्याच्या आकुर्डीचं नाव परदेशात रस्त्यारस्त्यावर ऐकून पहिल्यांदा माझा ऊर भरून आला होता. मग त्याच बजाजवाल्यानं मला तिप्पट भाडं लावलं आणि ऊर जागेवर आला. कोलंबोत पिकमी नावाचं तिथलंच अ‍ॅप आहे, ते उतरवून घे, भाड्याचा वाद मिटतो. बाहेरगावी मीटर नसतो. तिथं उतरलीस त्या घरच्या बाईला आधी विचार, अमुक ठिकाणी जायला कितीला जाता तुम्ही? 'तुम्ही' म्हण, 'आम्ही' नको. मग रिक्षात बसायच्या आधी आकडा ठरव आणि तो बोटांवर दाखव. हतर आणि हत आठवतंय ना?

स्टँडवर एखादा गोडबोल्या येईल. म्हणेल, आज बस बंद आहे, रेल्वे संप आहे, देवळात आज हत्तींचा उत्सव आहे, शेवटचा दिवस, चला नेतो. तो उत्सव मी सात वर्षं रोज शेवटचा दिवस म्हणून ऐकला. त्या वाटेवर रत्नांचं दुकान असतं. एपा म्हण आणि खिडकीवर जाऊन विचार.

खरी अडचण सुट्टीची. दर पौर्णिमेला पोया, अख्ख्या देशाला सुट्टी. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी कोलंबोबाहेर जाणारी एकही बस रिकामी मिळत नाही. तू जाणार ऑगस्टमध्ये, तेव्हा बहुतेक वर्षी आपली नारळी पौर्णिमा ती त्यांची निकिणी पोया, आणि त्याच सुमाराला कँडीची पेरहर संपते. हत्ती, मशाली, ढोल, लाखांनी माणसं. बघ जरूर, पण त्या संध्याकाळी कँडीतले रस्ते बंद होतात. दुपारीच पोच, आणि रात्री निघायचा विचार करू नकोस. पोयाला दारूही मिळत नाही, हे तुझ्या मैत्रिणीला सांग, तुला नाही.

पावसाचं तिकडं दोन तोंडी असतं. मे ते सप्टेंबर नैऋत्य भागात पाऊस, तेव्हा पूर्व किनारा कोरडा. थंडीत उलट. त्यामुळं ऑगस्टमध्ये समुद्राचा हट्ट असेल तर त्रिंकोमालीकडं जा. रेनकोट नको, आत शिजून निघशील. छत्री घे, आणि कपडे बॅगेत प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेव. बसची खिडकी कधी कधी लागत नाही.

आणि अंधाराचं. आपल्याकडं उन्हाळ्यात सात वाजेपर्यंत उजेड असतो, त्या हिशोबानं राहू नकोस. तो देश विषुववृत्ताजवळ. बारा महिने सहा-साडेसहाला दिवस मावळतो, आणि तिन्हीसांजा रेंगाळत नाहीत, झटकन काळोख. गावाकडच्या शेवटच्या बसा त्याच सुमाराला निघून जातात. चारनंतर नवी वाट धरायची नाही, हा माझा नियम होता. एकदा मोडला. केगल्लच्या आतल्या रस्त्याला अंधारात उतरायचं होतं, पाऊस कोसळत होता. कंडक्टरला नाव सांगितलेलं, पण तो दिसेना इतकी गर्दी. मला वाटलं, गेलं आता. तेवढ्यात पुढून आवाज आला, "अक्का, बहिन्न!" बस थांबली. तो उतरला, त्याच थांब्यावर उतरलेल्या एका बाईला काहीतरी सांगितलं, आणि डबल बेल मारून गेला. त्या बाईनं तिची छत्री माझ्यावर धरली आणि कारखान्याच्या गेटापर्यंत चालत आली. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला सिंहली पन्नासपर्यंत. वाटेत आम्ही आकडे मोजले.

सुट्टे पैसे ठेव. वीस, पन्नास, शंभरच्या नोटा. पाच हजाराची नोट कंडक्टरला दाखवलीस तर तो ती घेणार नाही, आणि चारचौघांत दाखवायचीही नाही.

कँडीहून परत येताना रेल्वे घेऊ नकोस, एक नंबरची बस घे. वरकापोलला उतर, तलगुलीच्या दोन पुड्या आण. एक मला. दुसरी तुझ्या बापाला दे आणि सांग, रावणानं पाठवलीय.